पहिल्या गाडीची बारी

तुमच्या गावात पाहण्यासारखं काय आहे, असं कोणी विचारलं की मी सरळ सांगते, हाटेल आहे. समोरचा हसतो. हसू द्या! भंडाऱ्याला एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "हाटेल तं कुठंबी असते वो, त्यात काय एवढं?" मी विचारलं, "तुमच्या गावचं हाटेल कोनाचं आहे?" म्हणाल्या, मालकाचं. म्हटलं, "आमचं गावाचं आहे. अन् त्यात एक बारी माही आहे." मग जेवण बाजूला ठेवून मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा वरणभात गार झाला, पण उठू दिलं नाही मी त्यांना. तेच इथं लिहिते आहे.

आमचं गाव कोंढ्याच्या अलीकडे, भंडाऱ्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून. रस्त्याच्या एका अंगाला तळं आणि तळ्याच्या पाण्यावर धान पिकवणारी तीस घरं. दुसऱ्या अंगाला आमचा विणकर मोहल्ला, बारा घरांचा. मधोमध चिंच आणि चिंचेखाली हाटेल. रस्ता डांबरी व्हायच्या कितीतरी आधीपासूनचं ते. हाटेलवाल्या बाबांचे आजोबा तिथं बसून भंडाऱ्याला धान नेणाऱ्या गाडीवानांना फुटाणे आणि गुळाचं पाणी देत. पुढे चहा आला, मग भजे आले, बाजाराच्या दिवशी आलुबोंडेही व्हायला लागले. सागाचे चार खांब, वर कवेलूंचं छप्पर, दोन लांब बाकडी आणि भंडाऱ्याहून आणलेला पितळेचा एक मोठा गंज, त्यात चहा उकळायचा. पाठी टेकून टेकून खांब गुळगुळीत झाले होते. बैलांचे सौदे तिथं व्हायचे, सोयरिकी तिथं जुळायच्या, पेपर आला की एकजण मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे त्याच्याशीच भांडायचे. बायका मात्र आत पाऊल ठेवत नसत. गाडीची वाट पाहायची ती चिंचेखाली, पाठ फिरवून. चहा प्यायचाच झाला तर कोणीतरी बाहेर आणून द्यायचं.

पण हाटेलाचं खरं महत्त्व चहात नव्हतं, एसटीत होतं. पवनीहून भंडाऱ्याला जाणारी पहिली गाडी सकाळी सहाला आमच्या गावावरून जायची. तिचा कागदावरचा थांबा पुढच्या फाट्यावर, दीड मैलावर. आमच्याकडे ती थांबायची ती केवळ ड्रायव्हर-कंडक्टरला चहा मिळायचा म्हणून. जवाहरनगरच्या कारखान्यात जाणारे दोघं, भंडाऱ्याच्या कॉलेजातली पोरं, दवाखान्यात न्यायचे दुखणाईत, आमच्या मोहल्ल्यातून लुगड्यांचे गठ्ठे घेऊन बाजाराला जाणारे, सगळे त्याच गाडीनं जात. चहा बंद तर गाडी बंद, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी लग्न होऊन आलेल्याला तीन वर्षं झाली होती. त्या दिवाळीत हाटेलवाले बाबा विहिरीवरून पाण्याचा गुंड आणताना पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. सत्तरी उलटलेले, बायको मागेच गेलेली, लेकरू नाही. हाटेलच्या मागच्या खोलीत खाटेवर पडून राहायची पाळी आली. आठवडाभरात नागपूरहून त्यांचा पुतण्या आला. सोबत एक गलेलठ्ठ माणूस. त्या माणसानं चिंच पाहिली, रस्ता पाहिला, गाडी कुठं थांबते ते पाहिलं आणि पुतण्याकडे पाहून मान हलवली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, हाटेलच्या जागेवर देशी दारूचं दुकान लागणार आणि बाबांना पुतण्या नागपूरला आपल्या घरी नेणार.

गाव पेटलंच. आमच्या मोहल्ल्यात तर बायकांनी त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरल्या, त्यात मी सर्वांत पुढे होते हे कबूल करते. दुसऱ्या दिवशी सगळा गाव चिंचेखाली जमला. बाबांची खाट उचलून बाहेर आणली. तळ्याच्या पाण्याचा कारभार पाहणारे जे मोठे पंच होते, ते म्हणाले, "बाबाजी, हाटेल बंद नोका करू. गाव चालवन."

बाबा खाटेवरूनच हसले. "गाव चालवन? गावानं कई चाय केली आहे काय? घरच्या बायकाइच्या हातची पेते न गाव!"

"शिकून घेऊ."

बाबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "पहिली गाडी चालू झाली त्या दिवसापासून माह्या दारातून बिना चायची गेली नाई. मी तापानं फणफणलो होतो तईबी चूल पेटली होती. तुमी असं करा. आता मंडई आहे. या मंडईपासून पुढच्या मंडईपर्यंत चालवून दाखवा. एकबी दिवस गाडी बिना चायची गेली, तं मी कागदावर सही करतो अन् गुमान नागपूरले जातो. नाई गेली, तं हाटेल गावाचं."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, जत्राच ती. म्हणजे बरोबर एक वर्ष झालं. पुतण्या लगेच कबूल झाला. जाता जाता त्या गलेलठ्ठ माणसाला म्हणाला, "पंधरा दिवस टिकत नाई. आपसात भांडतेत हे." आम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला मेला.

आता चालवायचं कसं? मोठे पंच म्हणाले, तळ्याचं पाणी चालते तसं. आमच्याकडे तळ्याचं पाणी बारीनं मिळतं. पाणी सोडणारा असतो, त्याला पाणकर म्हणतात. तो तळ्याच्या तोंडापासून सुरू करतो आणि एकेका घराच्या बांधीला, म्हणजे धानाच्या वाफ्याला, पाणी देत शेवटापर्यंत जातो. कोणाची बारी कोणाच्या खाली, हे गावाला झोपेतही पाठ. मग हाटेलची बारीही तशीच. ज्याची बारी त्यानं दूध आणायचं, सरपण आणायचं, चूल पेटवायची, पहिली गाडी काढून द्यायची आणि दिवसभर बसायचं. आलेल्या पैशात साखर आणि चहापत्ती. शाळेतल्या मास्तरांनी तळ्याची यादी समोर ठेवून मोठ्या कागदावर तीस नावं उतरवली आणि कागद खांबाला लावला. गावानं टाळ्या वाजवल्या.

आम्हीही वाजवल्या. मग मोहल्ल्यातल्या एकानं यादी वरून खाली वाचली, पुन्हा खालून वर वाचली. आमच्या बारा घरांपैकी एकही नाव नव्हतं.

कोणी मुद्दाम केलं नव्हतं. आज मी हे शांतपणे लिहू शकते, तेव्हा माझं टाळकं फिरलं होतं. गावाच्या डोक्यात यादी म्हटली की तळ्याचीच यादी, दुसरी यादी असू शकते हे सुचलंच नाही कोणाला. आम्हाला शेत नाही, म्हणून पाणी नाही, म्हणून नाव नाही. विहिरीवर मोठ्या पंचांच्या बायकोला मी विचारलंच, "काहो काकू, आमी हाटेलात चाय पेत नाई काय?" ती बिचारी गोंधळली. म्हणाली, "अवो पन तुमचं पाणीच नाई न तळ्यात, तं बारी कुठून येईन?"

मी घागर तशीच ठेवून घरी आले.

माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायची, ते मागावर जाऊन बसले. तीस वर्षं ते रोज दुपारी चारला माग बंद करून हाटेलात जायचे. रस्त्याकडच्या बाकड्याच्या डाव्या टोकाला त्यांची जागा, ती कोणी घेत नसे. त्या दिवशी चार वाजले, पाच वाजले, ते मागावरच बसून. मी म्हटलं, "मामाजी, चाय प्याले नाई गेले?"

"सूत ओढून राहिलं आज," ते म्हणाले. सूत काही ओढत नव्हतं, माग नीट चालला होता. त्यानंतर ते कधी गेले नाहीत. कोणी बोलवायला आलं तर म्हणायचे, काम आहे. माझ्या सासऱ्यांना राग येत नसे, वाईट वाटायचं फक्त. राग त्यांच्या वाटचाही मीच करायची.

हाटेल मात्र चाललं, हे मान्यच करावं लागेल. आणि काय चाललं! पहिल्या दिवशी ज्याची बारी होती त्यानं पहाटे तीनलाच चूल पेटवली आणि गाडी येईपर्यंत चहाचा काढा झाला. दुसऱ्यानं साखर टाकलीच नाही. एकानं मुलाच्या बारशासारखी सुंठ, वेलदोडे, जायफळ सगळं टाकलं तर कंडक्टर म्हणाला, "भाऊ, चाय आहे का औषध?" हळूहळू हात बसला. ड्रायव्हर तर एका घोटात ओळखायचा आज कोणाची बारी. पंधरा दिवस गेले, महिना गेला, हिवाळा गेला, उन्हाळा गेला. गाडी एकदाही बिना चहाची गेली नाही. जी माणसं बांधावरून एकमेकांची डोकी फोडायची, ती एकमेकांना सरपण आणून देत होती. रस्त्यापलीकडून आम्ही ते पाहायचो. मला अभिमान वाटायचा आणि अभिमान वाटतो म्हणून स्वतःचाच राग यायचा. ज्या पंगतीत आपलं पान नाही, तिच्या स्वयंपाकाचं कौतुक कशाला, असं व्हायचं.

मग पावसाळा आला. त्या साली पाऊस लांबला, लांबला आणि एकदम चार दिवस कोसळला. तळं भरलं, सगळ्या गावाची रोवणी एकाच वेळी निघाली. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटायचे, बांधीत चिखल करायचा, रोवायचं, माणूस मिळेना, बैल मिळेना. ज्याला दोन हात तो गुडघाभर पाण्यात.

इथं गावानं जी चूक केली, ती आमचंच गाव करू जाणे. पाण्याच्या बारीत एक सोय असते. आपली बारी आली पण बांधी तयार नसली, तर बारी खालच्याला सोडायची. खालचा खूश, त्याला पाणी लवकर मिळतं. पाणी सोडलं की खाली घेणारा कोणीतरी असतोच, ही पिढ्यांची सवय. रोवणीच्या त्या आठवड्यात हाटेलची बारी ज्याची होती, त्यानं खालच्या घरी निरोप दिला, मी रोवण्यात आहे, तू घे. खालच्यानं त्याच्या खालच्याला सांगितलं. असं करत करत सात घरं झाली. प्रत्येकानं निरोप दिला आणि निश्चिंत झोपला. आठवं घर यादीतलं शेवटचं. त्याच्या खाली कोणी नव्हतं. आणि त्या घरचा माणूस बायकापोरांसकट सासुरवाडीच्या रोवण्याला जाऊन चार दिवस झाले होते. निरोप घेऊन आलेल्या पोरानं कुलूप पाहिलं, दाराच्या फटीतून ओरडून निरोप सांगितला आणि घरी गेला.

सकाळी मी अंगण झाडत होते. मामाजी दारात उभे होते. हाटेलात जायचं सोडलं होतं त्यांनी, पण रोज सकाळी दारात उभं राहून चिंचेकडे पाहायचं काही सुटलं नव्हतं. ते म्हणाले, "पोरी, धूर नाई दिसून राहिला."

मी पाहिलं. हाटेलच्या कवेलूंवर काहीच नव्हतं. साडेपाच होऊन गेले होते.

"येईन कोनीतरी," मी म्हटलं.

ते रस्त्यापर्यंत गेले आणि परत आले. "कोनीच नाई वो. सारे बांधीत गेले."

मी झाडू आपटला. "तं राहू द्या न! त्याइची बारी, त्याइची गाडी. आपल्याले कोनी पुसलं होतं काय? आता पाहू द्या त्याइले!" मनातलं सगळं ओकून टाकलं मी. नऊ महिने साचलेलं होतं.

मामाजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बारी त्याइची आहे. हाटेल आपलंबी आहे न, पोरी." त्या माणसानं आयुष्यात चूल पेटवली नव्हती, तरी कोनाड्यातली काडेपेटी घेऊन ते चालायला लागले. मग मला राहवेना. घरधनी सूत आणायला नागपूरला गेलेले. मी घरातलं दूध घेतलं, आमच्या बकरीचं, तांब्याभर. आणि मोहल्ल्यातून पळत सुटले. एकेका दारावर थाप मारत ओरडत होते, "दूध आना! जेवढं असन तेवढं आना! हाटेलची चूल थंडी आहे!" कोणी विचारलं नाही, आपल्याला काय त्याचं म्हणून. सगळ्या बाया निघाल्या, हातात तांबे, गिलास, कोणाकडे नुसती वाटी.

हाटेलच्या दारात मी थबकले. बाईनं आत जायचं नसतं. मग म्हटलं, जळो ते, आणि गेले आत.

मागच्या खोलीतून आवाज आला, "कोन आहे?" बाबा जागेच होते. कधीपासून जागे होते देव जाणे. पडल्या पडल्या चुलीचा आवाज येतो का ऐकत असतील.

"मी… विणकरायची सून."

मग ते म्हणाले, "गंज वरतच्या फळीवर आहे. साखरेचा डबा त्याच्या मांगं. घाबरू नोको."

सरपण ओलं चिंब. चार दिवसांचा पाऊस, कोणी झाकलं नव्हतं. काडी लावली की फुस्स. धूर, डोळ्यांत पाणी, सहाला दहा मिनिटं. शेजारच्या काकू रडायलाच लागल्या. तेवढ्यात मधेच घरी पळालेले मामाजी धापा टाकत परत आले, हातात सुताचा गुंता. मागावर तुटलेलं, कापलेलं, टाकाऊ सूत प्रत्येक विणकराच्या घरी पोतंभर असतं. मातीच्या तेलात, म्हणजे रॉकेलात, बुडवून त्यांनी तो गुंता चुलीत सरकवला आणि काडी लावली. भक्कन पेटलं! ओली लाकडं आधी फुसफुसली, मग धरली. आम्ही गुंते आणत गेलो, टाकत गेलो. बाबा आतून सांगत होते, पाणी किती, पत्ती कधी.

पाण्याला आधण यायच्या आत गाडीचा हॉर्न वाजला.

गाडी थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून पाहिलं, ओट्यावर नेहमीचं कोणी नाही. त्यानं इंजिन चालूच ठेवलं. मग शेजारच्या काकू, ज्या आत्ता रडत होत्या, त्या बाजाराला न्यायचा लुगड्यांचा गठ्ठा घेऊन गाडीच्या दारात गेल्या आणि दारातच बसल्या. कंडक्टर म्हणाला, "बाई, चढा लवकर." काकू म्हणाल्या, "चढतो न बाप्पा, घाई कायले करून राहिले?" मग त्यांचा गठ्ठा सुटला. बांधला. पुन्हा सुटला. गठ्ठ्याचं तिकीट कशाला यावर त्यांनी असं भांडण काढलं की अख्खी गाडी खिडकीतून डोकावायला लागली. ड्रायव्हर वैतागून खाली उतरला आणि हाटेलकडे आला. तोवर मी गाळत होते. हात भाजला, पण गिलास भरला.

त्यानं घोट घेतला. थांबला. गिलासात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आज कोनाची बारी आहे? ही चाय मी पेलो नाई कई."

बकरीच्या दुधाचा चहा, त्याला कसा ओळखू येणार!

मामाजी माझ्या मागे उभे होते. नऊ महिने गप्प बसलेला माणूस मोठ्यानं म्हणाला, "विणकर मोहल्ल्याची बारी आहे."

ड्रायव्हरनं आणखी एक गिलास मागितला. कंडक्टरनंही घेतला. मग काकू शांतपणे गाडीत जाऊन बसल्या आणि त्यांनी तिकिटाचे पैसे एक शब्द न बोलता दिले. गाडी गेली. मी चुलीपुढे बसून ओक्साबोक्शी रडले. दुःखानं नाही, सांगून ठेवते.

गावाला दुपारी कळलं. मोठे पंच बांधीतून तसेच आले, मांडीपर्यंत चिखल, मागे पाच-सहाजण. आमच्या दाराशी उभे राहिले. "आमचं चुकलं, दादा," ते मामाजींना म्हणाले. मामाजी म्हणाले, "बसा, पाणी घ्या." त्यांच्यापुरतं ते तिथंच मिटलं. माझ्यापुरतं मिटलं नव्हतं. पदर डोक्यावर घेऊन मी दारात आले आणि म्हटलं, "काका, तळ्यात आमचं पाणी नाई, खरं आहे. पन आज चुलीत आमचं सूत जळलं. आता तरी यादी घरायची करा, बांध्यायची नोका करू."

गावच्या कारभाऱ्यांपैकी कोणी तोवर माझ्या बोलण्याला उत्तर दिलेलं नव्हतं. पंचांनी दिलं. म्हणाले, "आजच करतो, बाई."

मास्तरांनी नवा कागद लावला. बेचाळीस घरं. त्याच दिवशी चार वाजता मामाजी हाटेलात गेले. रस्त्याकडच्या बाकड्याचं डावं टोक मोकळंच होतं, नऊ महिने तिथं कोणी बसलं नव्हतं. आमच्या मोहल्ल्याच्या बाऱ्या बायाच घ्यायच्या, कारण चहा आम्हाला येत होता. हळूहळू तिसरं बाकडं आलं आणि बाया चिंचेखाली पाठ फिरवून उभ्या राहायच्या बंद झाल्या. बकरीच्या दुधाचा चहा हवा म्हणून आमच्या बारीच्या दिवशी फाट्यावरची माणसं चालत यायला लागली, हे मी बढाई म्हणून नाही सांगत. बरं, बढाई म्हणूनच सांगते.

मंडई आली. पुतण्या आला, सोबत तो गलेलठ्ठ माणूस आणि एक कागद. बाबांची खाट पुन्हा चिंचेखाली आणली. काठी धरून ते आता बसू शकत होते. मोठे पंच म्हणाले, "बाबाजी, वरीस झालं. गाडी एक दिवस नाई चुकली."

पुतण्या उठला. त्याला कोणी सांगितलं होतं कोण जाणे. "रोवणीत चुकली," तो म्हणाला. "ज्याची बारी होती त्याच्या दाराले कुलूप होतं. सात घरायनं बारी ढकलून देल्ली अन् सारे झोपले. खोटं असन तं सांगा."

पंचांची मान खाली गेली. "खरं आहे," ते म्हणाले. एवढं सगळं करून शेवटी ते एका कुलपावर जाणार की काय! बाबांनी त्या माणसाच्या हातातला कागद मागून घेतला, तेव्हा तर मी डोळेच मिटून घेतले.

"मी काय म्हटलं होतं?" बाबांनी पुतण्याला विचारलं. "बारी चुकली तं सही करीन म्हटलं, का गाडी बिना चायची गेली तं?"

"पन काका, त्या लोकायची बारीच नव्हती…"

"तेच तं!" बाबांनी काठी जमिनीवर आपटली. "बारी असली का कोनीबी येते. मी त्या दिवशी आत खाटेवर पडून होतो. चूल कई पेटते म्हणून कान लावून होतो. बारी नसून जे आले, त्याइच्या भरवशावर मी हाटेल सोडतो." आणि तो कागद त्यांनी दुमडून, पुन्हा दुमडून पुतण्याच्या खिशात ठेवला. गावानं जो गलका केला तो फाट्यापर्यंत गेला असेल. गलेलठ्ठ माणूस गलक्यातच कधी निघून गेला कळलं नाही. पुतण्यानं जाताना बाबांच्या पायाला हात लावला, तेवढं मात्र त्याचं मला बरं वाटलं.

गलका ओसरल्यावर बाबा म्हणाले, "मास्तर, हाटेल गावाचं झालं. मी का गावचा नाई? माहं नाव लिहा यादीत."

लोक हसले. मास्तरांनी पेन काढलं. "कुठं लिहू, बाबाजी?"

"या पोरीच्या घराच्या वरतं." काठीचं टोक माझ्याकडे होतं.

"तिच्या वरतं काहून?"

"माहं वय झालं. एखांद्या दिवशी मी नाई उठलो, तं बारी खाली उतरन. खाली कोन आहे ते मले माहीत पाहिजे."

त्यानंतर चार वर्षं बाबांनी आपली बारी केली, स्टुलावर बसून. मी भांडी उचलून द्यायचे आणि ते माझ्या चहाला नावं ठेवायचे. एका हिवाळ्यात ते उठले नाहीत. मास्तर यादीतलं नाव खोडायला आले, तेव्हा मी म्हटलं, राहू द्या. ऐंशीचं दशक सरलं, कागद किती तरी वेळा बदलला, पण ते नाव दर वेळी माझ्या नावाच्या वर लिहिलं जातं. त्यांची बारी आणि दुसऱ्या दिवशी माझी, असे माझे सलग दोन दिवस असतात. बाळंतपणात, तापात, पोरांच्या परीक्षांत मी माझी बारी कितीदा तरी खालच्या घराला सोडली आहे. त्यांची एकदाही सोडली नाही.